एक शब्द, दोन तपासण्या : हृदयधमनीतील अडथळ्याचा शोध

हुबळी-धारवाड परिसरात ‘अँजिओग्राफी’ हा शब्द आता कन्नड, मराठी, उर्दू बोलणाऱ्या सर्वच घरांत रूढ झाला आहे. ग्रीक मुळाप्रमाणे त्याचा अर्थ ‘वाहिनीचे चित्रण’ एवढाच. चित्रण कोणत्या मार्गाने करायचे, हे तो सांगत नाही. त्यामुळे दोन भिन्न तपासण्या एकच समजल्या जातात आणि संमतिपत्रावर सही करताना नातेवाईक गोंधळतात.

पहिली तपासणी नळीची. मनगटातील वा जांघेतील धमनीतून बारीक नळी हृदयापर्यंत नेऊन आयोडीनयुक्त द्रव्य सोडतात व क्ष-किरणांनी चित्र घेतात. अमेरिकेत क्लीव्हलँड येथे डॉ. मेसन सोन्स यांच्या हातून 1958 साली या पद्धतीचा आरंभ झाला. दुसरी सी.टी. अँजिओग्राफी. तीत असेच द्रव्य हाताच्या शिरेतून देतात. हृदयात नळी जात नाही. मात्र नाडी संथ व नियमित असावी लागते, आणि धमनीत कॅल्शियम फार साचले असल्यास अडथळा असतो त्याहून मोठा दिसतो. मूत्रपिंडाचा विकार असल्यास दोन्हींपूर्वी डॉक्टरांना सांगणे आवश्यक आहे.

युरोपातील 26 केंद्रांत स्थिर छातीदुखीच्या 3,561 रुग्णांवर झालेला ‘डिस्चार्ज’ अभ्यास 2022 मध्ये प्रसिद्ध झाला. हृदयविकाराने मृत्यू, झटका व पक्षाघात यांचे एकत्रित प्रमाण सी.टी. गटात 2.1, तर नळीच्या गटात 3.0 टक्के होते. हा फरक संख्याशास्त्रीयदृष्ट्या निर्णायक नव्हता. तपासणी व उपचारप्रक्रियेतील मोठी गुंतागुंत मात्र अनुक्रमे 0.5 व 1.9 टक्के आढळली.

तरीही चित्रावरची टक्केवारी म्हणजे निदान नव्हे. अडथळ्यापलीकडील रक्तदाब महाधमनीतील दाबाच्या किती पट राहतो, हे नळीतील सूक्ष्म तारेने मोजतात, 0.80 वा त्याहून कमी आल्यास अडथळा महत्त्वाचा मानतात. ‘फेम’ अभ्यासात (2009) डोळ्यांना 50 ते 70 टक्के वाटलेल्या अडथळ्यांपैकी सुमारे 35 टक्केच या कसोटीवर खरे ठरले. ‘सत्तर टक्के ब्लॉक’ ऐकताच घाबरणाऱ्या कुटुंबाला हे कोणीतरी सांगायला हवे.

अर्थात झटक्याच्या ऐन वेळी सी.टी.त वेळ दवडत नाहीत. नळीने तपासून त्याच बैठकीत स्टेंट बसवता येतो. स्थिर दुखण्यात, विशेषतः अडथळ्याची शक्यता कमी वा मध्यम असताना, सी.टी. आधी करणे सयुक्तिक. तीत गंभीर अडथळा दिसला तर पुन्हा नळीची तपासणी आलीच, आणि गदग-हावेरीहून हुबळीला येणाऱ्या रुग्णासाठी ती दुसरी खेप व दुसरा खर्चही असतो.