पांढऱ्या कोटामागे (भाग ६) : १२ तासांची ड्युटी ३६ तासांची कशी होते

शिकवणाऱ्या रुग्णालयाच्या साध्या वॉर्डात तीन रुग्णांमागे एक परिचारिका हवी, हा निकष रात्रपाळीला कुठे गायब होतो, ते मागच्या भागात पाहिलं. आज निवासी डॉक्टर.

केईएम, सायन, नायर, कूपर या मुंबई महापालिकेच्या रुग्णालयांचा गाडा रात्रंदिवस तेच ओढतात. एमडी, एमएस करणारी ही तरुण मुलंमुली कागदोपत्री विद्यार्थी आणि वॉर्डात डॉक्टर. ही सोय प्रशासनाच्या चांगलीच पथ्यावर पडते. तक्रार केली, की 'तुम्ही शिकायला आला आहात' हे ठरलेलं उत्तर.

केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने १९९२ च्याच पत्रकात सांगून ठेवलंय : एरवी सलग १२ तासांच्या वर काम नको, आठवड्याला ४८ तास, एक साप्ताहिक सुट्टी. मग ३६ तासांची ड्युटी येते कुठून?

ती येते युनिट पद्धतीतून. मेडिसिन, सर्जरी अशा विभागांत अनेक युनिटं असतात आणि प्रत्येकाचा 'इमर्जन्सी'चा वार ठरलेला असतो. त्या २४ तासांत दाखल होणारा रुग्ण त्या युनिटचा. खाटा संपल्या तर जमिनीवर गाद्या पडतात, पण दाखल करणं थांबत नाही. सकाळी सुटका नाहीच, कारण रात्रीचे सगळे रुग्ण आता यांचेच. रक्ताचे नमुने घ्यायचे, रिपोर्ट गोळा करायचे, राउंडला सरांसमोर एकेकाची केस सांगायची, डिस्चार्ज कार्डं लिहायची. यातलं बरंचसं काम डॉक्टरचं नाहीच. ट्रॉली ढकलायला वॉर्डबॉय मामा नसले, तर पहिल्या वर्षाचा डॉक्टरच रुग्णाला सोनोग्राफीला घेऊन जातो. वॉर्डबॉयची जागा रिकामी ठेवली की वाचलेला पगार हिशेबात दिसतो. डॉक्टरचा गेलेला तास कुठल्याच वहीत चढत नाही.

चिडलेल्या नातेवाइकांच्या तावडीत सापडतो तोही हाच. डॉक्टरांवरच्या हल्ल्यांविरुद्ध राज्यात २०१० चा कायदा आहे. तरीही मार्च २०१७ मध्ये धुळ्यात डॉक्टरला झालेल्या मारहाणीनंतर राज्यभर निवासी डॉक्टर सामूहिक रजेवर गेले आणि उच्च न्यायालयाला मध्ये पडावं लागलं. त्यानंतर सुरक्षारक्षक वाढले, ड्युटीचे तास होते तेवढेच राहिले.

आणि पाठ टेकायची जागा? २७ नोव्हेंबर १९७३ ला केईएमच्या परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर हल्ला झाला, तेव्हा त्या तळघरात कपडे बदलत होत्या. ९ ऑगस्ट २०२४ ला कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयात निवासी डॉक्टरवर बलात्कार करून तिचा खून झाला. रात्रपाळीत ती सेमिनार हॉलमध्ये विश्रांतीला गेली होती. मधल्या पन्नास वर्षांत कडी लागणारी एक खोली प्रत्येक वॉर्डाला देता आली नाही, याला पैशाची अडचण म्हणणं मला पटत नाही. कोलकात्याच्या घटनेनंतर सर्वोच्च न्यायालयाने डॉक्टरांच्या सुरक्षेसाठी राष्ट्रीय कृतिदल नेमलं, ते बरंच झालं.

याच केईएमच्या परिचारिकांनी हल्ल्यानंतर अंथरुणाला खिळलेल्या अरुणाताईंची २०१५ पर्यंत, ४२ वर्षं शुश्रूषा केली. त्यांना दुसरीकडे हलवण्याचा पालिकेचा बेत संप करून हाणून पाडला. अशा माणसांना मनोधैर्याच्या कार्यशाळेला बसवणं हा उद्धटपणा आहे. त्यांना भरलेल्या जागा, कडी असलेली खोली आणि निवासी डॉक्टरांना १९९२ च्या पत्रकाप्रमाणे ड्युटीचा तक्ता द्या.

(पुढील भागात : कंत्राटी सफाई कामगार)