वासराचा रंग आणि वासराचा बाप

गाय व्याली म्हणजे शेजारीपाजारी वासरू पाहावयास येतात आणि पहिली चर्चा रंगाची होते. ‘हे बापावर गेले’ किंवा ‘हे त्या वळूचे नव्हेच’ असा निकाल गोठ्यातच लागतो. हे स्वाभाविकही आहे, कारण जातीची ओळख आपण रंगावरूनच करीत आलो आहोत. खिलार पांढरी-करडी, लालकंधारी गडद तांबडी, देवणी पांढऱ्यावर काळी, हे लहान मुलासही ठाऊक असते. परंतु जात ओळखणे निराळे आणि एका विशिष्ट वासराचा बाप ठरविणे निराळे. अमुक वळू बाप नाही, असे रंगावरून काही प्रसंगी सांगता येते. तोच बाप आहे, असे मात्र केवळ रंगावरून कधीही सांगता येत नाही.

या भेदाकडे दुर्लक्ष झाल्यास नुकसान दुहेरी होते. एक तर कृत्रिम रेतन करणाऱ्यावर विनाकारण आळ येतो. दुसरे नुकसान उशिरा दिसते, पण ते अधिक मोठे असते. कालवड वयात आली म्हणजे, तिचा बाप नक्की माहीत नसल्यामुळे, ती अजाणता आपल्याच बापाकडून फळविली जाते. अशा निकट संबंधातून झालेली वासरे अशक्त निपजण्याचा व पुढे दूध आणि प्रजननशक्ती घटण्याचा धोका असतो. गोऱ्हा वळू म्हणून राखावयाचा असेल, तर एका चुकीची फळे गावातील अनेक गोठ्यांना भोगावी लागतात.

रंग पिढीतून पिढीत कसा उतरतो, हे समजण्यास फार अवघड नाही. प्रत्येक गुणासाठी जनावराच्या अंगी जनुकांची जोडी असते. जोडीतील एक आईकडून व एक बापाकडून येतो. काळा रंग तांबड्यावर प्रभावी आहे. जोडीतील एक जनुक काळ्याचा व दुसरा तांबड्याचा असला तर जनावर काळेच दिसते आणि तांबडा आत दडून राहतो. दोन्ही जनुक तांबड्याचे असले तरच तो रंग उघड होतो. म्हणून दोन काळ्या जनावरांच्या पोटी तांबडे वासरू येऊ शकते. दोघांच्याही अंगी तांबडा दडलेला असेल, तर सरासरीने चारांपैकी एक वासरू तांबडे होते. सरासरीने असे म्हटले आहे, याकडे लक्ष द्यावे. एकाच गाईला लागोपाठ दोन तांबडी वासरे झाली तरी त्यात नवल नाही.

आता आपल्याकडे नेहमी तक्रारीस कारण होणारे प्रसंग पाहू. तांबड्या गीर गाईस होल्स्टीन वळूचे रेत भरविले. वासरू झाले ते काळे. पोटाखाली अथवा कासेजवळ थोडेसे पांढरे, इतकेच. शेतकऱ्याची अपेक्षा होल्स्टीनसारख्या बांड्या वासराची असते, म्हणून तो रेतन करणाऱ्यास जाब विचारतो. वस्तुतः वासरू जसे व्हावयास हवे तसेच झालेले असते. वळूचा काळा रंग प्रभावी म्हणून तो दिसला, आणि होल्स्टीनचा बांडेपणा अप्रभावी म्हणून तो गाईच्या एकरंगी अंगापुढे झाकला गेला. हीच कालवड पुढे पुन्हा होल्स्टीनने फळविली, तर तिची सुमारे निम्मी वासरे बांडी होतील. बांडेपणा एक पिढी दडून बसला होता, तो वर आला.

खिलार गाईच्या बाबतीत गैरसमज निराळा. तिच्या वासराचे टाळू जन्मतः तांबूस असते. तो रंग थोड्याच महिन्यांत नाहीसा होतो. तेव्हा अशा वासराचा निकाल जन्मदिवशी करू नये. जर्सीचा रंग तर फिकट बदामीपासून जवळजवळ काळ्यापर्यंत कसाही असतो. तिच्या संकरित वासरांत रंगावरून बाप शोधणे व्यर्थ होय.

रंगाचा पुरावा उपयोगी पडतो तो नकारासाठी. नोंदीप्रमाणे होल्स्टीन वळूचे दोन्ही जनुक काळ्याचे आहेत, गाय तांबडी आहे आणि वासरू स्वच्छ तांबडे झाले, तर तो वळू बाप नव्हे असे मानण्यास भक्कम आधार आहे. मात्र काही काळ्या होल्स्टीन वळूंच्या अंगी तांबडा दडलेला असतो, हे विसरू नये. अशा वळूची तांबड्या गाईपासून होणारी निम्मी वासरे तांबडी असतात. म्हणून रंगावरून बोलण्यापूर्वी वळूची माहिती पाहावी. शिवाय होल्स्टीन जातीतच तांबड्या रंगाचा एक प्रभावी प्रकारही आढळला आहे, आणि तेथे हा हिशेब उलटतो. शिंगांची खूण याहून सरळ आहे. जन्मतः शिंगे नसणे हा गुण प्रभावी असल्यामुळे दोन शिंगाळ जनावरांच्या पोटी बिनशिंगी वासरू येत नाही. लहानपणी कोंभ डागून शिंगे काढलेला वळू मात्र या हिशेबात शिंगाळच धरावा.

तारखांचा आधार रंगापेक्षा अधिक चांगला. गाईचा गाभणकाळ साधारणपणे 280 ते 290 दिवसांचा असतो आणि गाय उलटली तर सुमारे 21 दिवसांनी पुन्हा माजावर येते. रेतनापासून 300 दिवस उलटून गेल्यावर पुरे वाढलेले वासरू झाले, तर गाय पहिल्या वेळी गाभण राहिली नव्हती, मागाहून एखाद्या मोकाट वळूने ती फळविली असावी, असे समजावे. परंतु रेतन आणि मोकाट वळू ही दोन्ही एकाच माजात घडली असतील, तर तारीख काहीच सांगणार नाही.

अशाच एका प्रसंगातून शास्त्रास मोठा लाभ झाला. अमेरिकेतील मेरीलँड राज्यात एका गर्न्सी गाईस गर्न्सी वळू दाखविला होता. त्याच सुमारास शेजारचा हेअरफोर्ड वळू कुंपण मोडून आला व त्यानेही ती फळविली. गाईस जुळे झाले. त्यांपैकी एकाचे तोंड पांढरे होते. पांढरे तोंड ही हेअरफोर्डची प्रभावी खूण असल्यामुळे जुळ्यांचे बाप दोन, हे उघड झाले. विस्कॉन्सिन विद्यापीठात रक्त तपासले तेव्हा मात्र दोन्ही वासरांच्या रक्तात दोन्ही वळूंच्या खुणा सापडल्या! रे ओवेन यांनी 1945 मध्ये याचा उलगडा केला. गर्भाशयात जुळ्यांच्या वारेतील रक्तवाहिन्या एकमेकींस जोडल्या जातात आणि रक्त तयार करणाऱ्या पेशींची देवघेव होते. गोऱ्ह्याबरोबर जुळी जन्मलेली कालवड बहुधा वांझ निघते, त्याचे कारणही हेच रक्तवाहिन्यांचे जोडकाम होय. येथे रंगाने खरे सांगितले आणि रक्ताने घोटाळा केला. म्हणून जुळ्या वासरांची तपासणी रक्तावर करू नये. केसांच्या मुळांवर करावी.

रक्तगटांची जागा आता डी.एन.ए. तपासणीने घेतली आहे. तत्त्व तेच आहे. प्रत्येक ठिकाणी वासराच्या दोन खुणांपैकी एक आईत व दुसरी बापात सापडलीच पाहिजे. आंतरराष्ट्रीय प्राणी-आनुवंशिकी संस्थेने गाईंसाठी अशी 12 ठिकाणे किमान म्हणून ठरवून दिली होती. आता शेकडो ठिकाणांची तपासणीही होते. एकाच ठिकाणी फरक आला तर तो जनुकातील आकस्मिक बदल असू शकतो; अनेक ठिकाणी आला तर तो वळू बाद समजतात. संशयित वळू सख्खे भाऊ अथवा बापलेक असतील, तर अधिक ठिकाणे तपासावी लागतात. 5 ऑक्टोबर 2024 रोजी आपल्याच वाशिम येथे ‘गौ चिप’चे लोकार्पण झाले. तिचा मुख्य हेतू चांगले वळू लहान वयातच निवडणे हा आहे. पण जिच्यावर हजारो ठिकाणे वाचली जातात, त्या चिपवरून आईबापांचा पडताळाही घेता येतो.

तपासणी खर्चाची असल्यामुळे प्रत्येक वासरासाठी ती करण्याचे कारण नाही. वळू म्हणून राखावयाचा गोऱ्हा, अथवा वंशावळ दाखवून मोठ्या किमतीस विकावयाचे जनावर, एवढ्यांपुरती ती अवश्य करावी. इतरांसाठी नोंदवही पुरे. रेतनाच्या वेळी कांडीवरील वळूचा क्रमांक, गाईच्या कानातील बिल्ल्याचा 12 आकडी क्रमांक व तारीख शेतकऱ्याच्या देखत लिहावी आणि रिकामी कांडी त्याच पानास चिकटवून ठेवावी. माज पूर्ण ओसरेपर्यंत गाय मोकळी सोडू नये. एवढे केले म्हणजे पुढील बहुतेक तंटे उद्भवतच नाहीत.

नमुना पाठविण्याचा प्रसंग आल्यास शेपटीच्या गोंड्यातील वीस-तीस केस मुळांसह उपटावेत. कात्रीने कापलेले केस निरुपयोगी, कारण तपासणी मुळाची असते. केस कोरडे असताना कागदी पाकिटात घालावेत, प्लॅस्टिकच्या पिशवीत नव्हे. ओलाव्याने ते खराब होतात. वासरू, आई व संशयित वळू यांची पाकिटे वेगवेगळी ठेवून प्रत्येकावर बिल्ल्याचा क्रमांक लिहावा, आणि तो केस उपटण्यापूर्वीच लिहावा.