पाप, ख्रिस्ती धर्मातील
ईश्वराच्या इच्छेविरुद्ध जाणूनबुजून केलेला विचार, उच्चार, कृती किंवा कर्तव्यलोप, तसेच त्यामुळे ईश्वर व मनुष्य यांच्या नात्यात येणारा दुरावा. ‘नव्या करारा’तील ‘हामार्तिया’ ह्या ग्रीक शब्दाच्या मुळाशी ‘नेम चुकणे’ हा अर्थ आहे. मराठीत पापाच्या जोडीला पुण्य येते. ख्रिस्ती विचारात मात्र पापाचा खरा प्रतियोगी शब्द ‘कृपा’ हा होय. पाप हा व्यक्तिरूप ईश्वराचा अपराध असल्याने ते पुण्यसंचयाने फिटत नाही; त्याला क्षमाच लागते.

रोमन कॅथलिक परंपरेत पापाचे प्राणघातक व क्षम्य असे दोन प्रकार मानतात. बाब गंभीर असणे, तिची पूर्ण जाणीव आणि मुक्त संमती ह्या तिन्ही गोष्टी असल्यासच पाप प्राणघातक ठरते. वर्षातून किमान एकदा धर्मगुरूजवळ पापनिवेदन करण्याचे बंधन चौथ्या लॅटरन परिषदेने (१२१५) घातले. गर्व, लोभ, मत्सर इ. सुप्रसिद्ध सात पापे ही वस्तुतः इतर पापांची उगमस्थाने होत.

सर्वांत वादग्रस्त ठरली ती ‘आद्य पापा’ची कल्पना. आदाम व हव्वा यांच्या आज्ञाभंगाची कथा ‘उत्पत्ती’ ह्या ग्रंथात आहे. पण ही संज्ञा बायबलमध्ये नाही. सेंट ऑगस्टीन (३५४–४३०) यांनी रोमकरांस पत्रातील एका वचनाचा लॅटिन अनुवाद आधारास घेतला. त्यात आदामाच्या ‘ठायी सर्वांनी पाप केले’ असा अर्थ निघतो. मूळ ग्रीक वचनाचा अर्थ बहुतेक अभ्यासक ‘कारण सर्वांनी पाप केले’ असा करतात. मनुष्य स्वसामर्थ्याने निष्पाप राहू शकतो, हे पेलेजियस यांचे मत कार्थेजच्या परिषदेने ४१८ मध्ये त्याज्य ठरविले. तथापि बाप्तिस्म्यापूर्वीच दगावणाऱ्या अर्भकांचे काय, हा प्रश्न उरलाच. त्यांनाही, सौम्य का होईना, दंड भोगावा लागतो, हे ऑगस्टीन यांचे उत्तर तर्काला धरून असले, तरी मनाला पटणारे नव्हते. मध्ययुगीन पंडितांनी त्यांच्यासाठी ‘लिंबो’ ही यातनारहित अवस्था कल्पिली. तो कधीच अधिकृत सिद्धांत झाला नाही. अशा अर्भकांच्या तारणाची आशा बाळगण्यास सबळ आधार आहेत, असा निर्वाळा कॅथलिक चर्चच्या आंतरराष्ट्रीय धर्मशास्त्र आयोगाने २००७ मध्ये दिला. पौर्वात्य ऑर्थोडॉक्स चर्चच्या मते आदामाकडून वारशाने येते ती मर्त्यता व दुर्बलता, दोष नव्हे.

बाप्तिस्म्यानंतरही उरणारी वासना हे पापच, असे मार्टिन ल्यूथर (१४८३–१५४६) मानीत. ट्रेंटच्या परिषदेने १५४६ मध्ये हे नाकारले : वासना पापाकडे ओढते, परंतु संमतीवाचून ती पाप ठरत नाही.

मराठीत आदामाच्या पतनाची कथा फादर टॉमस स्टीफन्स यांनी क्रिस्तपुराणात (१६१६) ओवीबद्ध केली.