ओझे पाठीवर नको, सीटमागे हवे

"डॉक्टर, सायकल सोडून द्यावी का?" रोज कामावर सायकलने जाणारे एक रुग्ण कंबर धरून विचारत होते. मी बाहेर येऊन त्यांची सायकल पाहिली. कॅरिअर रिकामे आणि डबा, बाटली, कागदपत्रे सारे खांद्यावरच्या पिशवीत! दोष सायकलचा नव्हता.

सायकल चालवताना आपण पुढे झुकतो. त्यात पाठीवर वजन असले की मान, खांदे व कंबर यांना ताण बसतो. हँडलला पिशवी अडकवणे तर त्याहून वाईट. एकदा माझीच पिशवी पुढच्या चाकाच्या तारांत गेली आणि मी आपटलो. मनगट महिनाभर दुखत होते.

म्हणून पिशवी सीटच्या मागे बांधावी. दोन पट्टे सीटला, तिसरा सीटखालच्या नळीला. मात्र नुसती लोंबकळणारी पिशवी हेलकावे खाते, मांड्यांना घासते, चाकाला टेकते. तिला खालून कॅरिअरचा आधार हवाच. जड वस्तू तळाशी, नळीच्या जवळ ठेवाव्यात. पट्ट्यांची मोकळी टोके खोचून टाकावीत. लांबच्या प्रवासात कॅरिअरच्या दोन्ही बाजूंना पिशव्या लावल्यास वजन सारखे असावे.

एवढे करूनही कंबर दुखत राहिली किंवा पायाला मुंग्या येऊ लागल्या, तर अंगावर काढू नये, डॉक्टरांना दाखवावे.