मूल बोलत नाही? आधी कान तपासा

मीरा रोडच्या नया नगरमधील अनेक घरांत उर्दू-हिंदी बोलतात, जिन्यात मराठी-गुजराती ऐकू येते आणि शाळा इंग्रजी. अशा घरातले तीन वर्षांचे मूल बोलत नसेल तर दादी म्हणते, "याचे अब्बाही उशिराच बोलले होते." शेजारीण म्हणते, नजर लागली. खाला हळूच सांगते, "बाहेर बोलू नका, उद्या बहिणीच्या स्थळाला अडचण येईल." असे करता करता दोन वर्षे निघून जातात. भाषा शिकण्याची वर्षे नेमकी हीच असतात.

पहिली तपासणी कानांची करावी. ऐकू न येणारे मूल पुष्कळदा हट्टी किंवा मंद ठरवले जाते. 'बेरा' तपासणी मूल झोपलेले असतानाही होते. वांद्रे रेक्लमेशन येथील अली यावर जंग राष्ट्रीय संस्था १९८३पासून श्रवण आणि वाचेच्या क्षेत्रात काम करते. कान ठीक असतील तर बालविकासतज्ज्ञ मूल कसे खेळते, हाक मारल्यावर पाहते का, बोटाने वस्तू दाखवते का, हे पाहतात. तपासणीला जाताना जन्माचे व लसीकरणाचे कागद आणि घरातला मोबाइलवरचा व्हिडिओ न्यावा.

चाचणी मुलाच्या घरच्या भाषेत घेण्याचा आग्रह धरा. इंग्रजी प्रश्न कळला नाही, म्हणून बुद्धी कमी ठरत नाही.

२०१३पासून सुरू असलेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडी आणि सरकारी शाळांतील मुलांची तपासणी होते. त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नका. पथकाला शंका आली तर ते पुढील तपासणीसाठी पाठवते.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये २१ प्रकार आहेत. दिव्यांगत्व किमान ४० टक्के असल्याचे प्रमाणित झाले, तर ६ ते १८ वर्षांपर्यंत जवळच्या शाळेत किंवा पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क मिळतो. सरकारमान्य शाळेने दिव्यांग मुलाला भेदभाव न करता प्रवेश द्यावा, असेही कायदा सांगतो. मात्र उपचार सुरू करण्यासाठी प्रमाणपत्राची वाट पाहू नका.

उलट घाईही नको. पाच वर्षांचे मूल अक्षरे उलटी काढते, म्हणून त्याला अध्ययन अक्षम म्हणू नये. ते निदान साधारणपणे आठव्या वर्षाच्या सुमारास होते.

खालाची काळजी खोटी नाही. पण स्थळे पुढेही येतील. मुलाचे तिसरे वर्ष पुन्हा येणार नाही.