डिझेल गाडीची ताकद: ट्यूनिंग बॉक्स की रिमॅप?

कॉमन रेल डिझेल इंजिनात इंधन किती, कधी आणि किती दाबाने फवारायचे, हे ईसीयू हा छोटा संगणक ठरवतो. ताकद वाढवण्याचे दोन्ही मार्ग त्याच्याशीच निगडित आहेत.

ट्यूनिंग बॉक्स सेन्सर आणि ईसीयू यांच्यामध्ये जोडतात. साधा बॉक्स रेलमधला दाब आहे त्यापेक्षा कमी असल्याचे ईसीयूला भासवतो. ईसीयू दाब वाढवतो आणि तेवढ्याच वेळात जास्त डिझेल सिलिंडरमध्ये जाते. बॉक्स बसवणे-काढणे सोपे असते. पण त्या प्रमाणात हवा वाढली नाही, तर काळा धूर येतो, एक्झॉस्ट जास्त तापतो. पंप आणि इंजेक्टरवरही ताण पडतो.

रिमॅपमध्ये ईसीयूमधली मूळ आकडेवारीच बदलतात. इंधन, फवारणीची वेळ, टर्बोचा दाब आणि टॉर्कची मर्यादा यांचा मेळ घालता येतो, म्हणून चांगला रिमॅप तांत्रिकदृष्ट्या सरस ठरतो. मात्र सारे करणाऱ्याच्या कौशल्यावर अवलंबून असते. मूळ फाइल जपून ठेवलीच पाहिजे.

क्लच, टर्बो आणि गिअरबॉक्सवरचा वाढीव भार दोन्हींत टळत नाही. वॉरंटी आणि विमा धोक्यात येऊ शकतो. नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत होतील, असे बदल करायला मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ मनाई करते. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ उत्सर्जन मानकांच्या गाड्यांत जास्त काजळीने डीपीएफ (एक्झॉस्टमधली काजळी अडवणारा फिल्टर) लवकर तुंबतो.

म्हणून आधी एअर फिल्टर, इंजेक्टर आणि टर्बोचे पाइप तपासून घ्या. हरवलेली ताकद पुष्कळदा तिथेच सापडते.