जळक्या ऑइलवर डिझेलचें यंत्र चालवावें काय?

डिझेलचे दर चढले म्हणजे जुन्या ट्रकांत, ट्रॅक्टरांत व विहिरीवरील इंजिनांत जळकें ऑइल मिसळून खर्च वांचविण्याची कल्पना पुष्कळ शेतकरी बंधूंच्या मनांत येते. अमेरिकेंत जुने ट्रक अशा तेलावर चालतात, मग आपलें इंजिन कां चालूं नये, असा त्यांचा प्रश्न असतो. प्रश्न रास्त आहे. म्हणून त्याचा सविस्तर विचार करणें इष्ट होय.

अमेरिकेंतील हकीकत खोटी नाहीं. तेथील सैन्याच्या अडीच टनी ट्रकांत १९६० नंतरच्या दशकांत बहुइंधनी इंजिन बसविण्यांत आलें. रणभूमीवर डिझेल, रॉकेल, पेट्रोल यांपैकीं जें मिळेल त्यावर गाडी चालावी, हा हेतु. जर्मनींतील मान कंपनीचे डॉ. मॉयरर यांनीं बसविलेल्या पद्धतीप्रमाणें यांत इंधन पिस्टनच्या माथ्यावरील गोल खळग्याच्या भिंतीवर फवारलें जातें व तेथें तापून, वाफ होऊन जळतें. सिलिंडरांत हवा सुमारें बावीस पट दाबली जाते. हे ट्रक पुढें सैन्यानें विकून टाकले, तेव्हां हौशी लोकांनीं ते घेऊन त्यांत गाळलेलें जळकें ऑइल डिझेलशीं मिसळून घालण्यास आरंभ केला. तात्पर्य, तें इंजिन मुळांतच निराळें आहे. आपल्याकडील साधें इंजिन केवळ डिझेलसाठीं घडविलेलें असतें.

जळक्या ऑइलांत उष्णता डिझेलइतकीच असते. पण दोष तीन आहेत.

पहिला दाटपणाचा. ४० अंश सेंटिग्रेडवर डिझेलचा दाटपणा २ ते ४.५ सेंटिस्टोक, तर ट्रॅक्टरच्या नव्या ऑइलचा सुमारें शंभर. दाट तेलाचा फवारा बारीक होत नाहीं. थेंब अर्धवट जळतात, नोझलच्या तोंडाशीं कोळसा सांचतो, आणि न जळलेला भाग रिंगांवाटे खालीं उतरून चेंबरमधील चांगलें ऑइलही बिघडवितो.

दुसरा घाणीचा. त्यांत काजळी व झिजलेल्या लोखंड-तांब्याचा चुरा असतो. पंपाचा प्लंजर व त्याचें घर यांत अवघें दोन-चार सहस्रांश मिलिमीटरचें अंतर असतें. मनुष्याचा केस याच्या कितीतरी पट जाड असतो. एवढ्याशा फटींत चुरा शिरला कीं पंप झिजतो.

तिसरा दोष न दिसणारा, म्हणून अधिक घातक. तेलांत पाणी, रेडिएटरमधील कूलंट किंवा पेट्रोल मिसळलेलें असूं शकतें. निवळत ठेविल्यानें सुटें पाणी व जड गाळ तळाशीं बसतो, फडक्यांतून गाळल्यानें जाडा कचरा जातो. परंतु पेट्रोल जात नाहीं, आणि ऑइलांत मुद्दाम घातलेलीं जस्त व कॅल्शियम यांचीं द्रव्येंही जात नाहींत. तीं जळून त्यांची राख व्हाल्व्हवर बसते. तापलेल्या तव्यावर थेंब टाकला असतां तडतड झाली तर पाणी आहे असें समजावें. पण ही परीक्षा उघड्यावर, चार थेंबांचीच करावी. पेट्रोल असल्यास भडका उडतो; म्हणून डबा चुलीवर कदापि तापवूं नये.

आतां जमाखर्च मांडूं. समजा, ट्रॅक्टरमध्यें ८ लिटर ऑइल मावतें व तें २५० तासांनीं बदलावयाचें. तासाला ४ लिटर डिझेल धरल्यास तेवढ्या अवधींत १००० लिटर लागेल. म्हणजे घरचें सर्व जळकें ऑइल जाळलें तरी बचत शेंकडा एकाहूनही कमी! अधिक पाहिजे असेल तर गॅरेजमधून दुसऱ्याचें आणावें लागेल. त्यांत काय मिसळलें आहे हें देणाऱ्यासही ठाऊक नसतें. जमेच्या बाजूस आठ लिटर आणि खर्चाच्या बाजूस पंपाची व नोझलांची दुरुस्ती, शिवाय ऐन पेरणींत यंत्र बंद पडण्याची धास्ती. असा हिशेब कोणताही शहाणा कुळंबी मान्य करणार नाहीं.

कायद्याची बाजूही ध्यानांत ठेवावी. घातक कचऱ्यासंबंधींच्या २०१६ च्या नियमांनीं जळकें ऑइल घातक कचऱ्यांत गणलें असून तें परवानाधारक शुद्धीकरण कारखान्याकडे जावें असा दंडक आहे. नव्या गाड्यांत, म्हणजे एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-सहा डिझेल गाड्यांत, तें घालणें तर शुद्ध आत्मघात. धुराच्या जाळींत राख बसून ती चोंदते.

मग त्याचें करावें काय? झांकणाच्या कोरड्या डब्यांत, पाणी व डिझेल न मिसळतां तें सांठवावें. गांवांतील दहा-वीस शेतकऱ्यांनीं एकत्र केल्यास पिंप भरतें, आणि शुद्धीकरणासाठीं नेणारे परवानाधारक त्याचा मोबदलाही देतात. त्यापासून पुन्हां चांगलें वंगण तयार होतें. बांधावर, ओढ्यांत वा विहिरीजवळ तें ओतूं नये. थोडेंसें ऑइलही पुष्कळ पाणी नासवितें. हातास लागल्यास साबणानें धुवावें, कारण तें दीर्घकाळ अंगास लागत राहणें कातडीस अपायकारक आहे.

डिझेल वांचवावयाचें असेल तर एअर फिल्टर स्वच्छ ठेवावा, टायरांत योग्य हवा भरावी, नोझल वेळींच तपासून घ्यावें आणि उभें यंत्र विनाकारण चालूं ठेवूं नये. यांत जी बचत होईल ती आठ लिटरांहून खचित अधिक भरेल, आणि तीसाठीं पंपाचा बळी द्यावा लागणार नाहीं.